गब्बर मेला का? : एका सूडकथेचे दोन पाठ

चार माणसे जमली आणि हिंदी चित्रपटांचा विषय निघाला, की बोलणे ‘शोले’वर येऊन थांबतेच. अशा वेळी एक साधा प्रश्न विचारून पाहावा. चित्रपटाच्या शेवटी गब्बरसिंगाचे काय होते? काही जण ठामपणे सांगतील, की ऐन वेळी पोलीस येतात आणि ठाकूर त्याला कायद्याच्या हवाली करतो. काही जण तितक्याच ठामपणे सांगतील, की ठाकूर त्याला ठार मारतो. दोघेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत असतात आणि दोघांचेही खरे असते. त्यांच्या हाती आलेल्या प्रती वेगवेगळ्या होत्या, एवढेच.

साहित्याच्या अभ्यासकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. पाठभेद, प्रक्षेप, शुद्ध प्रत, भ्रष्ट प्रत या गोष्टींशी आपला रोजचा परिचय असतो. जुन्या ग्रंथाची एक ओवी उद्धृत करायची, तरी ती कोणत्या प्रतीतली हे सांगितल्याशिवाय आपण पुढे जात नाही. चित्रपटाविषयी बोलताना मात्र ही सारी शिस्त आपण दाराबाहेर ठेवून येतो. घरी पाहायच्या कॅसेटचा किंवा तबकडीचा दर्जा ही हौशी ग्राहकाची किंवा दुकानदाराची बाब आहे, समीक्षेशी तिचा संबंध नाही, अशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, असे आमचे मत आहे. किमान एका चित्रपटाच्या बाबतीत तरी आपण कोणती प्रत पाहिली, यावर त्या चित्रपटाचा नैतिक अर्थ अवलंबून राहिला आहे. तो चित्रपट म्हणजे ‘शोले’.

‘शोले’कडे मैत्रीची कथा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. जय आणि वीरू यांच्या फटफटीमागे आपण इतके धावतो, की कथेचा कणा विसरतो. तो कणा सूडाचा आहे. ठाकूर बलदेवसिंग हा पोलीस अधिकारी गब्बरला पकडतो. गब्बर तुरुंगातून पळतो आणि ठाकूरच्या कुटुंबाची हत्या करतो. संतापाने एकटाच धावून आलेल्या ठाकूरचे दोन्ही हात तो तोडतो. यानंतर ठाकूर कायद्याकडे परत जात नाही. तो दोन भुरट्या गुन्हेगारांना पैसे देऊन बोलावतो आणि गब्बर आपल्याला जिवंत हवा आहे, अशी अट घालतो. जिवंत कशासाठी, हे चित्रपट बराच काळ उघड करत नाही. पण शालीखाली हात नाहीत हे प्रेक्षकाला कळते, त्या क्षणी तेही कळून चुकते. सलीम-जावेद यांच्या पटकथेत योगायोग पुष्कळ असतील, पण या एका धाग्याची वीण कुठेही सैल झालेली नाही. शेवटी वीरू गब्बरला मारायला निघालेला असताना ठाकूर त्याला थांबवतो आणि मरण पावलेल्या जयने दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो. वीरू मागे सरतो. आता रिंगणात उरतात दोघेच, आणि त्यांतल्या एकाला हात नाहीत.

येथून पुढे चित्रपटाच्या वाटा फुटतात.

रमेश सिप्पी यांनी आधी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरचे हात चिरडतो आणि पुढे त्याला खांबातल्या खिळ्यावर ढकलून ठार मारतो. नंतर तो रडू लागतो. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या चित्रपटात हा शेवट नव्हता. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊन माणूस मारावा, हे सेन्सॉर मंडळाला मान्य झाले नाही. सिप्पींनी विरोध करून पाहिला, पण अखेर त्यांना नवा शेवट चित्रित करावा लागला. त्यात गब्बरचे हात चिरडले जातात. तो आता मरणार, एवढ्यात पोलीस पोहोचतात आणि शिक्षा देण्याचे काम कायद्याचे आहे, याची ठाकूरला जाणीव करून देतात. ठाकूर थांबतो.

यातला कालाचा योग ध्यानात घेण्यासारखा आहे. आणीबाणी जाहीर झाली २५ जून १९७५ रोजी, आणि ‘शोले’ आला त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनी. ज्या दिवसांत राज्यसंस्था नागरिकांना खटल्याविना तुरुंगात टाकत होती आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवले गेले होते, नेमक्या त्याच दिवसांत पडद्यावरच्या पोलिसांनी मात्र वेळेवर पोहोचलेच पाहिजे, असा आग्रह धरला गेला. कायद्याचे राज्य प्रत्यक्षात जितके विरळ होत होते, तितके ते पडद्यावर ठळक दिसणे गरजेचे वाटू लागले होते, असे म्हणायला हरकत नसावी.

आता आम्हांला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. मूळ शेवट म्हणजे जास्त रक्तपात, बदललेला शेवट म्हणजे संयम, असे सरळ समीकरण मांडले जाते. मूळ शेवटाचे चाहतेही पुष्कळदा हेच समीकरण उलट बाजूने मांडतात: सेन्सॉरने ‘खरा मजा’ काढून टाकला, अशी त्यांची तक्रार असते. दोन्ही बाजूंना एक गोष्ट दिसत नाही. मूळ शेवटातील सर्वांत मोलाची गोष्ट गब्बरचे मरण ही नव्हे. त्या मरणानंतरचे ठाकूरचे रडणे ही ती गोष्ट आहे.

वर्षानुवर्षे एकाच हेतूवर जगलेला हा माणूस आहे. त्याच्या चेहऱ्यावर एरवी भाव उमटत नाहीत. संजीवकुमार यांनी ही भूमिका जवळजवळ केवळ डोळ्यांनी आणि ताठ मानेने उभी केली आहे. तो हेतू पुरा होतो, आणि त्या क्षणी त्याला कळते, की आपल्या हाती काहीच आलेले नाही. हाती हा शब्दही त्याच्या बाबतीत क्रूर ठरतो. मेलेली मुले, मेलेली नातवंडाएवढी पोरे परत येणार नाहीत. विधवा सून तशीच राहणार आहे. आणि ज्याच्यामुळे तिच्या आयुष्यात पुन्हा काही उमलू पाहत होते, तो जय या सूडाच्या कामातच खर्ची पडला आहे. सूड घेणारा माणूस सूड संपल्यावर रिकामा होतो, हे सांगणारा एवढा थेट क्षण त्या काळच्या लोकप्रिय हिंदी चित्रपटात क्वचितच सापडेल.

सेन्सॉरने हा क्षण काढून टाकला. सूडाचे उदात्तीकरण होऊ नये, या हेतूने कात्री चालवली आणि सूडाचे वैफल्य दाखवणारा तेवढाच भाग नेमका कापला गेला. जे राहिले ते अधिक सोयीचे होते. ठाकूरला गब्बरचे हात चिरडण्याचे समाधान मिळाले, प्रेक्षकाला ते पाहण्याचे समाधान मिळाले, आणि शेवटचे पाप मात्र कोणाच्याच माथी आले नाही. कायदा पुढे गब्बरला फाशी देईल, ही खात्री बाळगून प्रेक्षक निर्धास्तपणे घरी जाऊ शकला. सूडाची चव मिळावी आणि त्याची किंमत मोजावी लागू नये, अशी ही व्यवस्था होती. आमच्या मते बदललेला शेवट मूळ शेवटापेक्षा अधिक नैतिक नसून कमी नैतिक आहे.

याला एक उत्तर संभवते आणि ते टाळून जाणे बरे नव्हे. प्रेक्षक इतका बारकाईने पाहत नाही. गब्बर मेला की तो टाळ्या वाजवणार, ठाकूरच्या आसवांकडे त्याचे लक्षही जाणार नाही. म्हणून सेन्सॉरची भीती रास्त होती, असे कोणी म्हणेल. ही शक्यता नाकारता येत नाही. पुढच्या काळात आलेल्या कितीतरी सूडपटांत नायकाने न्यायाधीश आणि जल्लाद या दोन्ही भूमिका करायच्या आणि प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घ्यायचे, हेच झाले. परंतु हा युक्तिवाद मान्य केला, तर शोकांतिका नावाचा साहित्यप्रकारच बंद करावा लागेल. वाचकाने कृती तेवढी पाहावी आणि परिणाम पाहू नये, हे गृहीत धरून कोणतीही गंभीर कृती लिहिता येत नाही.

शिवाय, सारी काटछाट वाईटच असते असेही आम्ही म्हणत नाही. याच चित्रपटातले दुसरे उदाहरण पाहावे. इमामसाहेबांचा मुलगा अहमद (ही भूमिका सचिन यांनी केली होती) गब्बरच्या तावडीत सापडतो. त्याच्या हत्येचे दृश्य चित्रित झाले होते. प्रदर्शित प्रतीत ते नाही. तेथे गब्बर आपल्या हातावरून चालणारा एक क्षुद्र कीटक चिरडतो, आणि पुढे आपल्याला दिसते ते घोड्यावरून गावात आलेले अहमदचे प्रेत. मधले काहीच दाखवलेले नाही, आणि म्हणूनच ते अधिक झोंबते. ध्वनिसिद्धान्त शिकवणाऱ्या प्राध्यापकाने वर्गात खुशाल वापरावे, असे हे उदाहरण आहे: वाच्यार्थ काढून घेतला आणि व्यंग्यार्थ बळावला. एकाच चित्रपटात एका जागी कापल्याने कलाकृती उणी झाली आणि दुसऱ्या जागी कापल्याने ती उजळली. तेव्हा ‘मूळ ते चांगले, कापलेले ते वाईट’ असा सोपा नियम येथे चालत नाही. प्रत्येक पाठभेद त्याच्या जागी तपासावा लागतो. पाठचिकित्सा यालाच म्हणतात.

‘शोले’ला फिल्मफेअरचा जो एकमेव पुरस्कार मिळाला, तो संकलनासाठी होता, संकलक एम. एस. शिंदे यांना. काय ठेवावे आणि काय सोडावे, या विवेकासाठी गौरवल्या गेलेल्या या चित्रपटाचा शेवट मात्र त्या विवेकाने ठरलेला नव्हता.

आता घरी पाहण्याच्या प्रतींकडे वळू. चित्रपटगृहांत पंधरा वर्षे बदललेला शेवटच दाखवला गेला. मूळ शेवट लोकांसमोर आला तो १९९० साली, ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हीएचएस कॅसेटमधून. नंतर डीव्हीडीचा जमाना आला आणि दोन प्रती बाजारात आल्या. एक सुमारे २०४ मिनिटांची, मूळ शेवटाची. दुसरी सुमारे १९८ मिनिटांची, सेन्सॉरने मान्य केलेली. इथवर सगळे ठीक दिसते. ज्याला जी हवी त्याने ती घ्यावी. पण मूळ शेवटाची प्रत जुन्या टीव्हीच्या जवळजवळ चौकोनी चौकटीत होती आणि रुंद पडद्याच्या आकाराची प्रत बदललेल्या शेवटाची. म्हणजे ज्याला दिग्दर्शकाचा शेवट हवा, त्याने दिग्दर्शकाची चौकट सोडावी, आणि ज्याला चौकट हवी, त्याने शेवट सोडावा, असा हा पेच होता.

चौकटीचा प्रश्न तपशिलात पाहण्याजोगा आहे, कारण ‘पूर्ण’ आणि ‘मूळ’ या दोन शब्दांतला फरक तो फार चांगला शिकवतो. ‘शोले’ सत्तर एमएमच्या भव्य पडद्यासाठी आणि सहा ध्वनिपट्ट्यांच्या स्टिरिओ आवाजासाठी कल्पिलेला चित्रपट. परंतु सत्तर एमएमचे कॅमेरे परवडणारे नव्हते. म्हणून छायाचित्रण झाले नेहमीच्या ३५ एमएम फिल्मवर, आणि त्या उंच चौकटीचा वरचा-खालचा भाग वगळून २.२० : १ या प्रमाणाची रुंद चौकट तयार करण्यात आली. या हिशेबाने मूळ चौकटीच्या उंचीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग मोठ्या पडद्यावर दिसतच नव्हता.

आता चौकोनी प्रत पाहणाऱ्याला काय दिसते? त्याला अधिक दिसते. अधिक आकाश, अधिक जमीन, पात्रांच्या डोक्यावर अधिक मोकळी जागा. कोणाला वाटेल, की हीच खरी, संपूर्ण प्रत. तसे नाही. छायालेखक द्वारका दिवेचा यांनी रामनगरच्या त्या उभ्या-आडव्या खडकांमध्ये माणसे उभी केली ती रुंद चौकट मनात धरून. गब्बर एका टोकाला आणि त्याच्यासमोर मान खाली घालून उभे असलेले तीन साथीदार दुसरीकडे, या दृश्यातला ताण त्या दोहोंमधल्या अंतरात आहे. वर आणि खाली नको तेवढी जागा मोकळी सोडली, की अंतर तेवढेच राहूनही त्यातला ताण ढिला पडतो. जुन्या पोथ्यांच्या बाबतीत आपण हेच शिकलो आहोत. ज्या पोथीत श्लोक जास्त, ती पोथी अधिक मूळची असे नसते. पुष्कळदा ती अधिक दूरचीच असते.

यात आणखी एक गुंता आहे. सत्तर एमएमचे यंत्र असलेली चित्रपटगृहे देशात मोजकीच होती. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात ‘शोले’ पाच वर्षे चालला, तिथल्या प्रेक्षकाने जो चित्रपट अनुभवला, तोच तालुक्याच्या गावी ३५ एमएम प्रतीवर पाहणाऱ्याने अनुभवला असे म्हणता येणार नाही. पुढे भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर रात्र जागवणाऱ्यांनी आणखी वेगळा पाहिला. व्हीएचएसच्या फितीवर आडव्या दिशेने जेमतेम अडीचशे रेषांचा तपशील उमटतो. व्हीसीडीच्या चित्रात ३५२ गुणिले २८८ ठिपके असतात आणि तीन तासांहून मोठा चित्रपट एका तबकडीत मावत नाही. ऐन प्रसंगात तबकडी बदलायला उठावे लागणे, हाही एका पिढीच्या ‘शोले’चा भाग आहे. ठाकूरच्या घरावर हल्ला होतो त्या दृश्यात झोपाळ्याची करकर ऐकू येत राहते. गोळ्यांपेक्षा ती जास्त भिववते. टीव्हीच्या बारक्या स्पीकरमधून ती करकर आली काय आणि न आली काय, सारखेच. याखेरीज संवादांच्या ध्वनिमुद्रिका आणि कॅसेट निघाल्या, आणि ज्यांनी चित्रपट एकदाच पाहिला त्यांनाही तो ऐकून मुखोद्गत झाला. एखाद्या आख्यानाच्या मौखिक आणि लिखित परंपरा समांतर चालाव्यात, तसेच हे झाले.

या सगळ्याचा एक परिणाम आमच्या मते फारसा कोणी नोंदवलेला नाही. मूळ शेवट दीर्घकाळ केवळ कॅसेटवर, अस्पष्ट, रंग विटलेल्या रूपात फिरत राहिल्यामुळे त्याला एक चोरट्या मालाचे वलय आले. ‘बंदी घातलेला शेवट’ म्हणून तो पाहिला जाऊ लागला. जी गोष्ट लपवलेली असते तिच्याकडे आपण एका विशिष्ट अधीरतेने पाहतो; त्या अधीरतेत गब्बर कसा मरतो याकडेच लक्ष लागणार आणि ठाकूर का रडतो याकडे ते जाणार नाही, हे उघड आहे. खराब प्रतीत चेहऱ्यावरचे बारकावे आधीच पुसलेले. हिंसा ठळक असते, ती धुरकट चित्रातही कळते. वैफल्य नाजूक असते, त्याला चांगली प्रत लागते. दर्जाचा प्रश्न केवळ नेत्रसुखाचा नाही, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

या पार्श्वभूमीवर २०२५ साली घडलेली गोष्ट फार मोलाची आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सच्या सहकार्याने ‘शोले’चा जीर्णोद्धार केला. काम इटलीतील बोलोन्या शहराच्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत जवळजवळ तीन वर्षे चालले. मुंबईतील गोदामात आणि ब्रिटनमध्ये ठेवलेल्या निरनिराळ्या रिळांची छाननी झाली. मूळ निगेटिव्हची अवस्था वाईट होती, आणि सत्तर एमएमची एकही प्रत उरलेली नव्हती. ठिकठिकाणच्या साधनांवरून चित्र आणि ध्वनी जुळवण्यात आले, २.२० : १ ची चौकट परत आली आणि मूळ शेवटही परत आला. २७ जून २०२५ रोजी बोलोन्यातील पियाझ्झा माज्जोरे या खुल्या चौकात ही प्रत प्रथम दाखवली गेली, आणि १२ डिसेंबर २०२५ पासून ती भारतातील चित्रपटगृहांत आली. पन्नास वर्षांनी प्रथमच दिग्दर्शकाचा शेवट दिग्दर्शकाच्या चौकटीत इथल्या मोठ्या पडद्यावर पाहता आला.

या कामाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मात्र स्वागत करतानाच एक शंका मांडणे आवश्यक वाटते. जीर्णोद्धार म्हटला की जुने देऊळ आठवते, आणि देवळांच्या जीर्णोद्धारात काय होते हे महाराष्ट्राला सांगायला नको. जुना दगड निघतो, नवा चकचकीत बसतो, आणि मधल्या शतकांच्या खुणा नाहीशा होतात. ‘शोले’चा मूळ शेवट परत आला म्हणून १९७५ चा प्रदर्शित शेवट आता पुसून टाकायचा का? दिग्दर्शकावर लादलेला असला, तरी तो शेवट कोट्यवधी लोकांनी पाहिला. त्यांच्या दृष्टीने गब्बर जिवंत राहिला. या देशाच्या कल्पनाविश्वात गब्बर जे अमरत्व भोगतो आहे, त्यात तो पडद्यावर मेलाच नव्हता या गोष्टीचाही वाटा असेल. आणीबाणीच्या सावलीत एका लोकप्रिय कृतीचे काय करण्यात आले, याचा तो शेवट हा एक दस्तऐवज आहे. दस्तऐवज चुकीचा असला तरी फाडून टाकायचा नसतो.

आपल्याकडे याचे दोन उत्तम वस्तुपाठ आहेत. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढची सुमारे सव्वातीनशे वर्षे महाराष्ट्राने प्रामुख्याने तीच वाचली, तिच्यावरच भक्ती केली. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला मिळालेली, एकनाथांपूर्वीची म्हणून त्यांनी मानलेली प्रत छापली. तिच्यावर वाद झाले, होत राहतील. पण राजवाडे प्रत आली म्हणून एकनाथी परंपरेची प्रत कोणी विसर्जित केली नाही. एक प्रत भाषेच्या इतिहासासाठी, दुसरी समाजाच्या इतिहासासाठी, अशा दोन्ही आपल्याला हव्या असतात. दुसरा वस्तुपाठ पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताचा. १९१९ ते १९६६ इतकी वर्षे चाललेल्या त्या कामात जो मजकूर मुख्य संहितेतून वगळला, तो फेकून दिला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत तो नोंदवून ठेवला. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाही, त्याला त्याच ग्रंथातून संपादकाविरुद्ध पुरावा काढता येतो. चांगल्या आवृत्तीची याहून सोपी व्याख्या आम्हांला ठाऊक नाही.

चित्रपटाच्या घरगुती आवृत्तीकडून आमची अपेक्षा एवढीच आहे. ‘शोले’च्या आवृत्तीत दोन्ही शेवट असावेत, दोन्ही रुंद चौकटीत असावेत. कोणते दृश्य कोणत्या साधनावरून घेतले, कुठे रंग दुरुस्त केला, कुठला आवाज मूळ ध्वनिपट्टीचा आणि कुठला नंतरचा, याची नोंद तबकडीसोबतच्या पुस्तिकेत असावी. सेन्सॉरने नेमके काय कापले, हे कागदोपत्री सांगता येत असेल तर सांगावे. ही मागणी कोणाला अवाजवी वाटेल. मनोरंजनाच्या चित्रपटाला एवढा सरंजाम कशाला, असेही विचारले जाईल. पण हाच प्रश्न कधीकाळी लावण्या, पोवाडे, बखरी यांच्याविषयीही विचारला गेला असता, आणि तो मानला असता तर आज आपल्या विद्यापीठांत शिकवायला फारसे काही उरले नसते.

शेवटी थोडे आपल्याच घराकडे पाहू. साहित्याच्या वर्गात आता चित्रपट सर्रास दाखवले जातात. साहित्यकृतीचे माध्यमांतर, सूडाची कल्पना, खलनायकाचे चित्रण अशा विषयांवर निबंध लिहून घेतले जातात. तेव्हा मास्तरांच्या किंवा विद्यार्थ्याच्या हाताला जी प्रत लागेल ती चालते. ‘हॅम्लेट’वर लिहिताना आवृत्ती नोंदवणारा विद्यार्थी ‘शोले’वर लिहिताना केवळ नाव आणि साल लिहितो. मग एकजण लिहितो, की चित्रपट अखेर कायद्याच्या बाजूने उभा राहतो. दुसरा लिहितो, की चित्रपट कायद्याचा पराभव मान्य करतो. परीक्षक दोघांनाही गुण देतो, आणि ते दोघे एका चित्रपटाविषयी बोलतच नव्हते, हे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. चित्रपटावर लिहिताना आपण कोणती प्रत पाहिली ते एका ओळीत लिहावे: प्रदर्शित प्रत की मूळ शेवटाची, कोणती चौकट, किती मिनिटांची. ही ओळ लिहायची म्हटली, की आधी तबकडीच्या वेष्टनाकडे पाहावे लागते. वेष्टनाकडे पाहिले, की दुसरीही एक प्रत आहे हे कळते. आणि ते कळले, की ‘शोले’च्या शेवटी काय होते या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबतो. कायदा आणि सूड यांच्यामध्ये उभ्या असलेल्या त्या हात नसलेल्या माणसाविषयी बोलायचे, तर एवढे थांबणे आपण त्याला देणे लागतो.